कचेरीला भाकरी शिकवणाऱ्या गयाबाई

गयाबाई सरवदे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी, आणि त्या दिवशी मी त्यांचा चहा नाकारला. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळते. पण गयाबाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत असताना त्यांच्याविषयी लिहायचे आणि ही गोष्ट गाळायची, हे मला जमणार नाही. त्यांनाही ते आवडणार नाही.

लातूर जिल्हा तेव्हा नुकताच उस्मानाबादेतून वेगळा झाला होता. गावात जिकडेतिकडे नव्या पाट्या लागत होत्या. आमचे कार्यालय (त्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही) एका भाड्याच्या इमारतीत भरत असे. खुर्च्या कमी आणि दप्तरांचे गठ्ठे जास्त, अशी अवस्था. मी औसा तालुक्यातल्या एका शेतकरी घरातली मुलगी. टंकलेखनाची परीक्षा देऊन लागले होते. आमच्या घरात पगाराची नोकरी करणारी मी पहिलीच. वडील एसटीने सोबत आले, मला दारापर्यंत पोचवून परत गेले. मी आत जाऊन बसते न बसते तोच नऊवारी नेसलेल्या, सावळ्या, तिशीतल्या एक बाई दोन बोटांत चहाचा पेला धरून समोर उभ्या राहिल्या.

"नव्या बाई का? घ्या, च्या घ्या."

"नको, मी चहा घेत नाही," मी म्हणाले. खरे तर मी दिवसातून तीनदा चहा घेत असे.

"बरं," एवढेच म्हणून त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या. त्यांच्या चेहऱ्यावर काहीही उमटले नाही. अशी उत्तरे त्यांना रोज मिळत असावीत, हे मला फार उशिरा समजले.

गयाबाई अहमदपूर तालुक्यातल्या एका लहान गावच्या. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी वस्तीबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. गयाबाईंचे शिक्षण चौथीपर्यंत झाले. लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांतच बहात्तरचा दुष्काळ आला आणि त्या सासूबाईंबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागल्या. त्या दिवसांबद्दल त्या फारसे बोलत नाहीत. एक गोष्ट मात्र मी त्यांच्याकडून अनेकदा ऐकली आहे. कामावरच्या लोकांना तेव्हा परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी, मिळत असे. गयाबाई त्याची भाकरी थापायला बसल्या, तर ती थापताथापताच चिरायची. सासूबाई म्हणाल्या, "पोरी, आपल्या काळ्या रानात मोत्यावानी जवारी पिकती, अन् आपुन परमुलखाचं दाणं खाऊन राहिलो. ह्ये पुन्हा येऊ द्यायचं न्हाई." त्याच सासूबाईंनी त्यांना बांधाबांधाने हिंडवून कोणता पाला खाण्याजोगा, कोणता नाही, हे शिकवले. पाऊस नसतानाही तग धरणारी घोळ, तरोटा, पाथरी. खडकाळ जमिनीत येणारा हुलगा. वाळवून वर्षभर ठेवता येणारी हरभऱ्याची भाजी. गयाबाई म्हणतात, "माजी शाळा चौथीला सुटली, पर सासूची शाळा चालूच व्हती."

त्यांच्या यजमानांना पुढे आमच्या कार्यालयात पहारेकरी म्हणून काम मिळाले. कार्यालय नवे, जवळपास हॉटेल नाही. तेव्हाच्या साहेबांनी इमारतीच्या मागची पत्र्याची शेड त्यांना चहा करण्यासाठी दिली. चहाच्या शेजारी दुसरी चूल केव्हा पेटली आणि भाकऱ्या केव्हा सुरू झाल्या, ते कुणालाच नक्की आठवत नाही. वस्तीतल्या दोन विधवा बायका भाकऱ्या थापायला येऊ लागल्या आणि त्या शेडचे कॅन्टीन झाले.

नव्या जिल्ह्यात बाहेरगावचे बरेच अधिकारी आले होते. त्यांना हवे असे पुरी-भाजी, पाव, बटाटेवडा. गयाबाईंकडे मिळे ज्वारीची भाकरी, उडदाचे घुटे, येसर (भाजलेल्या धान्य-मसाल्यांचे पीठ) घातलेली आमटी, कारळाची चटणी आणि त्या दिवशीची भाजी. ती कोणती, हे त्या स्वतःही सकाळी सांगू शकत नसत. औश्याकडून, निलंग्याकडून पहिल्या एसटीने बायका टोपल्या घेऊन येत. मंडईत बसून त्यांचा जो माल उरे, तो गयाबाई दहाच्या सुमारास घेऊन येत. कधी करडईचा पाला, कधी वांगी, कधी नुसता चुका. एका साहेबांनी एकदा विचारले, "बाई, रोज टोमॅटोची कोशिंबीर का नाही करत?" गयाबाई म्हणाल्या, "सायेब, आदी टोपलीत काय हाय ते बघायचं. जिभेला काय पायजे ते मंग." साहेब हसले, पण पुढे तेच साहेब बदली होऊन गेले तेव्हा जाताना त्यांनी पायलीभर ज्वारी आणि भाकरी थापण्याची लाकडी काटवट मागून नेली. त्यांच्या पत्नीला ती वापरता आली की नाही, ते मला माहीत नाही.

गयाबाईंची शिस्त कडक होती. पत्रावळी पळसाच्या, आणि जेवण झाले की त्या शेळ्यांसमोर. पानात काही टाकायचे नाही. आमच्या लेखा विभागातले एक गृहस्थ रोज अर्धी भाकरी टाकत. गयाबाईंनी दोनदा सांगून पाहिले. तिसऱ्या दिवशी ती अर्धी भाकरी फडक्यात बांधून त्यांनी त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवली. "घरी न्या. बायकोला सांगा, ही भाकर थापायला एक बाई पाटंपास्नं उठली व्हती." सगळी कचेरी हसली. त्या गृहस्थांना राग आला, आठ दिवस ते फिरकले नाहीत. नवव्या दिवशी आले आणि पान पुसून जेवले.

हे सगळे मी लांबून पाहत होते. मी कॅन्टीनमध्ये जात नव्हते. मी एकटीच नव्हे; कार्यालयातले निम्मे लोक या ना त्या निमित्ताने तिथे जात नसत. कुणाला पित्त होत असे, कुणाचा उपवास असे, कुणाला घरच्या डब्याशिवाय चालत नसे. खरे कारण कुणीही उच्चारत नसे. माझी आई मला डबा देताना एवढेच म्हणे, "शकू, कुणाच्या हातचं काई खाऊ नकोस." कुणाच्या म्हणजे कुणाच्या, हे तिने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. अभिलेखकक्षात, फडताळांच्या मागे बसून मी धपाटे खात असे.

मग दुष्काळ पडला. जिल्हा नवा असला तरी आभाळ जुनेच होते. नळाला आठ-आठ दिवस पाणी येईना. कार्यालयातला माठ दुपारपर्यंत रिकामा होई, पुढे तो भरणेही बंद झाले. अशा वेळी एक निनावी तक्रार आली. कॅन्टीनमध्ये कार्यालयाचे पाणी बेसुमार वापरले जाते, भांडी घासलेल्या घाण पाण्यावर भाज्या वाढवून त्या कर्मचाऱ्यांना खाऊ घालतात, अशी. हेडक्लार्कांनी चौकशी वगैरे काही केली नाही. आदेशाचा मसुदा लिहून माझ्याकडे दिला: पाणीटंचाई व अस्वच्छता या कारणांस्तव कॅन्टीन बंद करण्यात येत असून सदर जागा आठ दिवसांत रिकामी करावी.

"तीन प्रती काढा. आजच सहीला जायला पाहिजे," ते म्हणाले.

मी यंत्रात कार्बन घालून कागद चढवला आणि तीन प्रती काढल्या. माझा हात कुठेही अडखळला नाही. टंकलेखिकेने मजकूर वाचायचा नसतो, असे मला शिकवलेले होते. खरे सांगायचे तर मी तो वाचला होता. मनात एवढेच आले, की बरे झाले, आता रोज चहाला नाही म्हणायला नको. कागद सहीच्या पिशवीत ठेवले. साहेब दौऱ्यावरून दुपारनंतर येणार होते.

त्या दिवशी मे महिन्यातले ऊन होते. सकाळी एसटी मध्येच बंद पडल्याने मी बरेच अंतर चालत आले होते आणि बाटलीतले पाणी केव्हाच संपले होते. दुपारी डबा उघडला तर घास गिळवेना. डोळ्यांसमोर अंधारी येऊ लागली. माठ पालथा पडलेला. अख्ख्या इमारतीत पाणी होते ते फक्त एकाच ठिकाणी. मी भिंतीला धरून मागच्या शेडकडे गेले.

गयाबाई भांडी घासत होत्या. राखेने कोरडी घासून, फडक्याने पुसून मग ती एका घमेल्यातल्या पाण्यात बुडवत होत्या. शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेले दोन रांजण होते.

"काय पायजे, बाई?"

"पाणी."

त्या उठल्या. माझ्याकडे क्षणभर पाहिले आणि अगदी साध्या आवाजात विचारले, "माज्या हातचं चालंल का? न्हाई तर तुमीच घ्या बुडवून. म्या बाजूला व्हते."

आणि त्या खरोखरच दोन पावले बाजूला झाल्या. त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, रागही नव्हता. तहानलेल्या माणसाची अडचण होऊ नये म्हणून त्या आपल्याच रांजणापासून दूर झाल्या. माझ्या आयुष्यात मला इतकी लाज कधीच वाटली नाही, त्याआधीही नाही आणि त्यानंतरही नाही.

"तुम्हीच द्या," मी म्हणाले.

त्यांनी तांब्या भरला, पण लगेच हातात दिला नाही. "उन्हातनं आल्यावर रित्या पोटी पाणी पेऊ न्हाई. बसा हितं." भाकरीचा चतकोर, त्यावर अंबाडीची भाजी आणि करडईच्या तेलाची धार. मी खाल्ले, मग पाणी प्याले. आणखी मागितले, त्यांनी आणखी दिले.

"तुमच्याकडे एवढे पाणी कुठून येते?" मी विचारले. मला तो आदेश आठवत होता.

"हितलं थेंबभर न्हाई बगा. आमच्या वस्तीत हीर हाय, बहात्तरला लोकांनी सोता खांदलेली. मालक अन् म्या दिस उगवायच्या आत सायकलीवर दोन खेपा आणताव. बाया म्हनल्या, गया, तुजं कॅन्टीन चालू ऱ्हाऊ दे, त्या दोघींच्या चुली तुज्यावर हायत. घरटी एक-एक घागर कमी घेऊन राहिल्यात त्या आमच्यासाठी."

मग त्या पाण्याचे काय होते तेही मी तिथे बसून पाहिले. आधी भाज्या धुतल्या, ते पाणी भांड्यांना. भांड्यांचे राखमिसळ पाणी एका मडक्यात निवळत ठेवलेले. निवळलेले पाणी शेडमागच्या वाफ्यात शेवग्याला आणि अंबाडीला. साबणाचा एक कणही त्यात नव्हता. सगळ्या शहरात झाडे वाळली होती, तो शेवगा मात्र हिरवा होता.

मी परत माझ्या जागेवर आले. सहीची पिशवी साहेबांच्या टेबलावर होती आणि साहेब नुकतेच येऊन बसले होते. मी तेव्हा परिविक्षाधीन होते; नोकरी पक्की झालेली नव्हती. टंकलेखिकेने थेट साहेबांकडे जाण्याची पद्धत नव्हती. दारापाशी किती वेळ उभी राहिले, सांगता येत नाही. शेवटी साहेबांनीच वर पाहिले.

"काय आहे?"

"साहेब, त्या पिशवीत कॅन्टीनचा आदेश आहे. त्यातला मजकूर खरा नाही."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी आत्ता बघून आले. ते पाणी आपले नाही, वस्तीच्या विहिरीचे आहे. आणि तिथे घाण नाही."

"तुम्ही तिथं जेवता?"

"आजपर्यंत नाही, साहेब. आज जेवले."

साहेब आता हेडक्लार्कांना बोलावतील, मला बाहेर जायला सांगतील, असे मला वाटले. त्यांनी फक्त आदेशाचा कागद पिशवीतून काढून बाजूला ठेवला. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, कुणालाही न सांगता, ते एकटे शेडमध्ये गेले. गयाबाईंनी त्यांना रांजण, घमेले, मडके, वाफा, सगळे दाखवले. आपल्याविरुद्ध कागद तयार झाला आहे, हे त्यांना तोवर ठाऊक नव्हते. साहेबांना कौतुक वाटते आहे असे समजून त्या उत्साहाने सांगत राहिल्या. साहेब बाकावर बसले आणि पोटभर जेवले. बाहेर येऊन हेडक्लार्कांना म्हणाले, "कार्यालयाला पाणी वापरायचं कसं ते शिकायचं असेल तर मागं जाऊन बघा."

आदेशावर सही झाली नाही. मात्र यामुळे सगळे बदलले, असे मी लिहिले तर ते खोटे ठरेल. निनावी तक्रार कुणाची, ते कधी कळले नाही. ज्यांचे उपवास होते त्यांचे उपवास पुढेही अनेक वर्षे चालू राहिले. हेडक्लार्क निवृत्त होईपर्यंत त्या शेडमध्ये गेले नाहीत. माझी नोकरी पक्की व्हायला इतरांपेक्षा उशीर लागला. कारण विचारायची माझी छाती झाली नाही.

राहिली एक गोष्ट, तो मजकूर मी टाइप केला होता हे गयाबाईंना सांगण्याची. ते मी आठवड्याने सांगितले. त्या वेळी त्या डाळ निवडत होत्या. निवडायच्या थांबल्या नाहीत, माझ्याकडे पाहिलेही नाही. पुढचे दोन दिवस त्या माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. पान वाढून पुढे सरकवत आणि तोंड फिरवत. गयाबाई क्षमेची मूर्ती आहेत, असे कुणी या ग्रंथात लिहिले असेल तर ते बरोबर नाही. त्यांना लागते, आणि लागले की ते दिसते.

तिसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"बाई, माजं कॅन्टीन कसं हाय म्हनून लिवलं व्हतं? तो सबुद दाखवा मला."

मी कोऱ्या कागदावर 'अस्वच्छ' असे लिहून दिले. त्यांनी तो कागद उजेडात धरला, अक्षर अक्षर बोट ठेवून वाचला. शेवटच्या जोडाक्षरापाशी बराच वेळ थांबल्या.

"लिवायला लई अवघड हाय की ह्यो," त्या म्हणाल्या. "बोलायला किती सोपा." मग कागद घडी करून कनवटीला लावला. "जेवायला या. आज हुलग्याचं माडगं केलंय."

त्या दिवसापासून मी माझा डबा आणणे बंद केले. घरी मात्र हे सांगितले नाही. ते सांगायचा प्रसंग पुढे चार-पाच वर्षांनी आला. तोवर माझे लग्न होऊन मी लातुरातच राहत होते. पहिल्या बाळंतपणात आई माझ्याकडे आली होती. एके दिवशी सकाळी दारात गयाबाई उभ्या. हातात पितळी डबा. अळिवाची खीर आणि शेवग्याच्या पाल्याची भाजी. आईने नाव विचारले, गाव विचारले, आडनाव विचारले, आणि डबा घेऊन तो स्वयंपाकघरात न नेता बाहेरच्या कोनाड्यात ठेवला. गयाबाईंनी ते पाहिले. मी अंथरुणावरून पाहिले. मी म्हणाले, "आई, तो डबा इकडे दे. मी रोज यांच्याच हातचे जेवते. चार वर्षं झाली." आईने डबा उचलून माझ्याजवळ आणून ठेवला.

गयाबाईंनी मग विषय बदलला. बाळाला मांडीवर घेतले आणि आईला विचारले, "बहात्तरला तुमच्याकडं कसं व्हतं वो?" आई आधी म्हणाली, "आमची घरची शेती." थोड्या वेळाने, खाली बघत म्हणाली, "आमी बी खडी फोडली, बाई. दोन महिने. औश्याच्या रस्त्यावर. पर कुणाला सांगितलं न्हाई." मी आईच्या तोंडून हे पहिल्यांदाच ऐकत होते. मग दोघी मिलोच्या भाकरीविषयी बोलत बसल्या. ती कशी चिरायची, कशी लाल दिसायची. आई त्या दिवशी डब्यातले काही जेवली नाही, हे मला लिहिलेच पाहिजे. पण तिने डबा स्वतः घासला, त्यात गावाकडचा हुलगा भरला आणि गयाबाईंच्या हातात दिला. जेवली ती पुढल्या खेपेला. तेव्हा तिनेच विचारले, "त्या गयाबाई येत न्हाईत का आता?"

कार्यालय नव्या इमारतीत गेले, तिथे ठेकेदाराचे उपाहारगृह आले आणि गयाबाईंची शेड पडली. त्यांनी वस्तीजवळच खानावळ काढली. लातूरला शिकायला आलेली कितीतरी मुले-मुली तिथे जेवून गेली; त्यातल्या अनेकांचे लेख या ग्रंथात आहेतच. लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले त्या वर्षी आमच्या नगरातल्या बायकांनी मला विचारले, "मॅडम, एवढ्याशा पाण्यात घर कसे चालवायचे?" मी निवृत्तीला आले होते, सरकारी परिपत्रके पुष्कळ टाइप केली होती, पण याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. मी गयाबाईंना रिक्षातून घेऊन आले. त्यांनी भाषण केले नाही. आमच्या शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि तिच्या दिवसभराच्या पाण्याचा क्रम लावून दाखवला: कोणते पाणी आधी, कोणते नंतर, कोणते शेवटी कुंडीत. ओट्यावरचा साबण उचलून त्यांनी बाजूला ठेवला तेव्हा शेजारीण म्हणाली, "मावशी, आता राख कुठून आणू? घरात गॅस आहे." गयाबाई पहिल्यांदाच अडल्या. मग म्हणाल्या, "ते माज्या ध्यानात न्हाई आलं. रिठं आणू आपुन." दुसऱ्या दिवशी कुठून तरी पिशवीभर रिठे घेऊन त्या हजर.

हल्ली ज्वारीला मोठमोठ्या हॉटेलांत मान आला आहे. तिला नवी नावे मिळाली आहेत, पाकिटे मिळाली आहेत. एका तरुण आहारतज्ज्ञ मुलीने गयाबाईंना एका कार्यक्रमात विचारले, "आजी, तुम्ही हे सगळं इतक्या आधी कसं ओळखलंत?" गयाबाई म्हणाल्या, "वळखायचं काय त्यात? जवळ पिकत व्हतं ते खाल्लं. लांबचं परवडत न्हवतं, अन् एकदा लांबचं खाऊन बघितलं व्हतं."

त्यांची लेक नांदेडला शिक्षिका आहे. गयाबाई वर्षातले दोन महिने तिकडे असतात. नांदेडला गोदावरी, पाण्याची आपल्याइतकी ओढ नाही. नात दात घासताना नळ चालू ठेवते म्हणून आजी-नातीची भांडणे होतात. "गोदावरी काय तुज्या एकटीची हाय का?" असे त्या ओरडल्या की नात म्हणते, "आजी, तू लातूरला जा." आणि त्या दुसऱ्या दिवशी लातूरला निघाल्या की तीच रडते. गेल्या खेपेला मी त्यांच्यासोबत होते. नांदेडच्या त्या घराच्या गच्चीवर त्यांनी जुन्या बादल्यांत अंबाडी, चुका आणि शेपू लावला आहे. त्याला पाणी घालायचे काम आता नातीकडे आहे. भाजी धुतलेल्या पाण्यानेच ती ते करते, मी पाहिले.

या समारंभाला गयाबाईंनी सहजासहजी होकार दिला नाही. समितीची माणसे विचारायला गेली तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. स्टेजवर प्लॅस्टिकच्या बाटल्या नकोत, आणि आलेल्या प्रत्येक माणसाला पंगतीत बसवून जेवू घालायचे. कोण कुणाशेजारी बसेल ते आधी ठरवायचे नाही. पहिली अट समितीने लगेच मान्य केली. दुसरीवर थोडी चर्चा झाली, असे मला कळले. चर्चा व्हावी लागली, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. अट मान्य झाली, हेही.

गयाबाई, तुमचे गुडघे आता दुखतात, डॉक्टरांनी खाली बसू नका म्हणून सांगितले आहे आणि तुम्ही ऐकत नाही. निदान एवढे तरी ऐका. तुमच्या हातची भाकरी खाऊन सावरलेली आम्ही पुष्कळ माणसे आहोत, आणि आम्हाला तुम्ही धडधाकट हव्या आहात. तुमची नजर आहे तशीच तीक्ष्ण राहो, तुमच्या पायांत बळ येवो आणि झोप शांत लागो. शंभरी तुम्ही पाहालच. तोवर आमच्या ताटात कुणी काही टाकले, कुणी नळ उघडा ठेवला, कुणी कुणापासून दोन पावले लांब बसले, तर येऊन आमच्यावर रागवा. तो राग सोसण्याइतके आयुष्य आम्हालाही मिळो.